पटांगणातली हरळी

एकदा एका व्यापाऱ्याने एका मठाला चक्क हिरवळ दान केली. मठासमोरचे पटांगण साऱ्या गावाचे होते. आठवड्याचा बाजार तिथेच भरे, धान्य तिथेच वाळे, लग्नाच्या पंगतीही तिथेच बसत. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने जमीन उघडी पडली होती; उन्हाळ्यात धुरळा, पावसाळ्यात चिखल. व्यापाऱ्याने शहरातून मखमलीसारखे मऊ गवत पाठवले आणि वृद्ध आचार्यांनी ते शिष्याच्या हवाली केले.

शिष्य मूळचा शेतकरी. त्याने जीव ओतून गवत रुजवले, पण ते पायाखाली टिकेना. मग त्याने पटांगणाभोवती काटेरी कुंपणच घातले. माणसे थांबली, गवतात घुसणारी हरळी मात्र थांबली नाही. हरळी दिसली की उपटायची, हे त्याला बाळकडूच मिळालेले. रोज दुपारी तो खुरपे घेऊन बसे आणि उपटलेली हरळी कुंपणाबाहेर ढीग करून टाकी.

एके दिवशी मडकी विकणारी गजराबाई आली. म्हणाली, “महाराज, महिन्यानं लेकीचं लगीन हाय. आमच्या दारात चार पानं मांडाया जागा न्हाई. पंगत हितंच बसू द्या.”

“गवत मरेल, बाई.”

ती थोडा वेळ कुंपणापाशी उभी राहिली आणि निघून गेली. खरे सांगतो, एवढ्या हिरव्या गवतात तो मठ मला त्या क्षणी उजाड वाटतो. आचार्य हे सारे ओसरीवरून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य पूजेसाठी ओढ्याकाठच्या दूर्वा खुडून परतला. पाहतो तर काय, आचार्य स्वतः कुंपण उपसून टाकत होते! बाहेर फेकलेली हरळी त्यांनी त्या मखमलीत जागोजागी खोचली होती.

“आचार्य, ही हरळी आहे! माझ्या वडिलांची कंबर हिच्यापायी मोडली.”

“आणि तुझ्या हातात काय आहे?”

“दूर्वा.”

“नीट पाहा.”

शिष्याने पाहिले. तेच पाते, तेच पेर. सकाळी जी देवाला वाहायची, तीच तो दुपारी उपटत होता. तो पुरता ओशाळला.

आचार्य शांतपणे म्हणाले, “वडिलांचे चुकले नाही, बाळा. शेतात धान्य पिकवायचे असते, म्हणून तिथे ही तण. या पटांगणात मात्र माणसे नांदायची आहेत. हिला तुडवले, उन्हाने करपवले, तरी घोटभर पाण्यावर ही पुन्हा उठते. जे गवत जगवण्यासाठी गावाला बाहेर ठेवावे लागते, ते इथले तण.”

उरलेले कुंपण शिष्याने आपल्या हाताने काढले. संध्याकाळी तो गजराबाईच्या दारी गेला.

“बाई, पंगत मठापुढेच बसवा.”

“आन् तुमचं गवत वो?”

“ते पंगतीसाठीच लावतोय,” तो म्हणाला.