माशांना घातलेले पुण्य

एकदा एका व्यापाऱ्याने हौसेने आपल्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचपेटी बसवली. समुद्री मासे सांभाळण्यात हयात घालवलेला एक वृद्ध त्या गावात होता. त्याच्या शिष्याने पेटीत सोडायला पिवळ्या माशांची एक जोडी दिली. नखाएवढी होती तेव्हापासून त्यानेच ती वाढवली होती.

व्यापाऱ्याची आई मोठी धर्मशील. माशांना पिठाच्या गोळ्या घातल्या की पूर्वज तृप्त होतात, ही तिची श्रद्धा. त्यासाठी पूर्वी नदीवर जावे लागे. आता नदीच घरात आली होती. रोज सकाळी घरातला प्रत्येक जण अंघोळ करून गोळी टाकी. आल्यागेल्या पाहुण्यालाही आग्रह होई, आणि फुकटचे पुण्य कोण सोडतो?

वर्षाच्या आत जोडीतला एक मासा मेला. दुसरा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. शिष्याने पाणी तपासले. पाणी दिसायला नितळ. पण काचेच्या नळीत थोडे घेऊन त्यात परीक्षेचे थेंब टाकताच ते लालभडक झाले. अन्न कुजून कुजून शेवटी जे नायट्रेट उरते, ते पाण्यात साठत गेले होते.

"गुरुजी, सगळं पाणी आजच बदलू या," तो काकुळतीने म्हणाला.

"आज बदलशील तर आजच मारशील," वृद्ध म्हणाला. "विष अंगवळणी पडलंय त्याच्या. एकदम चांगलं पाणीसुद्धा त्याला सोसायचं नाही. थोडं काढ, तेवढंच नवं खारं पाणी घाल, आणि असं करत राहा. खायला काय द्यायचं ते फक्त तू देशील."

मग वृद्धाने एक विचित्र गोष्ट केली. लोणच्याची रिकामी बरणी मागवून तीत पेटीतलेच पाणी भरले आणि ती शेजारी ठेवली. "ज्याला गोळी टाकायची असेल, त्यानं हिच्यात टाकावी. झाकण मात्र लगेच लावावं."

घरच्यांना ही थट्टा वाटली. शिष्यालाही गुरूचा राग आला. भाविक म्हातारीशी हा कसला खेळ?

पण मासा सावरू लागला. नळीचा रंग उतरत गेला. एके सकाळी तो शिष्याच्या बोटांशी येऊन खाऊ लागला, तेव्हा शिष्याला रडू फुटायचेच बाकी राहिले.

आणि सर्वपित्री अमावास्या आली.

"आजच्या दिवशी का बरणीला घास घालू? पितर काय म्हणतील?" असे म्हणत आईने भाताचा मुटका पेटीत सोडला. तिचे पाहून घरच्यांनी सोडला, जेवायला आलेल्यांनीही सोडला. एका दिवसाने काय होते!

दुसऱ्या दिवशी शिष्य गुरूबरोबर आला तेव्हा मासा आडवा होऊन तरंगत होता. भात पेटीतल्या खडकांच्या फटींत जाऊन बसला होता.

"असतं एकेकाचं आयुष्य," व्यापारी म्हणाला. "दुसरी जोडी आणून द्या."

वृद्धाने बरणीचे झाकण काढले. दुर्गंधीने व्यापारी मागे सरला, आईने नाकाला पदर लावला.

"नाक कशाला झाकता? तुमच्याच हातचं आहे. तुम्हाला दार उघडून बाहेर तरी जाता येतं. तो यातच श्वास घेत होता. घेणाऱ्याला भूक आहे का, हे तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत. तुमच्या पुण्याचं पोट भरलं, आणि त्याचा जीव गेला."

 आईचे डोळे भरून आले. निदान हिला तरी कळले, असे शिष्याला वाटले.

डोळे पुसून ती हळूच म्हणाली, "चुकलंच हो आमचं. मग आता उद्यापासून गोळ्या कुठं टाकायच्या?"

वृद्ध वळून दाराकडे चालू लागला. मेलेला मासा ओंजळीत घेऊन शिष्य त्याच्यामागून निघाला. घेणाऱ्याला वाचवण्यापेक्षा देणाऱ्याला थांबवणे किती कठीण असते, हे त्याला आज उमगले होते.

नवी जोडी त्याने दिली नाही. व्यापाऱ्याने ती दुसरीकडून आणवली.