दोष कुणाचा?

वैजयंताची मुलगी दुभंगलेला ओठ घेऊन जन्मली, तेव्हापासून घरात वैजयंताशी कुणी नीट बोलेना. ग्रहणात विळी हाती धरलीस, दोष तुझाच, असं सासूने ठरवून टाकलं होतं. ऑपरेशनसाठी बाळाला घेऊन ती दवाखान्यात एकटीच आली. शेजारच्या खाटांवर डबे येत, माणसं येत. तिच्याकडे कुणी फिरकलं नाही.

सकाळी मोठे डॉक्टर सरंजामे विद्यार्थ्यांचा ताफा घेऊन आले. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. बाळाकडे बोट करून ते म्हणाले, "ही जन्मदोषाची केस. नीट बघून घ्या."

"साहेब, हा दोष कुणाचा?" वैजयंताने विचारलं. "ग्रहणात मी विळी धरली, म्हणून माझा?"

विद्यार्थी चपापले. डॉक्टर वैतागून म्हणाले, "ग्रहणाचा काही संबंध नाही. पोटात ओठ जुळायचा राहून जातो. त्यात दोष कुणाचाच नसतो."

"कुणाचाच नसतो, तर मग तुम्ही तो माझ्या लेकीला का लावता?"

डॉक्टर बाळाजवळ वाकले. त्यांनी विचारलं, "नाव काय हिचं?"

"केतकी."

ते विद्यार्थ्यांकडे वळले. "ही केतकी. हिचा ओठ जन्मतः दुभंगलेला आहे. उद्या आपण तो शिवू."

आजवर ते नाव वैजयंताशिवाय कुणी घेतलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "साहेब, दोष कुणाचाच नसतो, एवढं माझ्या सासूबाईंना सांगाल?"

डॉक्टरांनी तिचा फोन घेऊन सासूबाईंचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना, तरी ते फोन कानाला लावून उभे राहिले.