सॉरीचं गाठोडं

त्या राज्यात माणसं एकमेकांच्या दारी स्वतः जात नसत, शब्द पाठवत. शब्दाने पाठवणाऱ्याच्या घशात यायचं, तिथे ठेवलेलं गाठोडं डोक्यावर घ्यायचं आणि समोरच्या दारी जाऊन उभं राहायचं. दारातला माणूस आधी गाठोड्याखाली हात धरून वजन पाही, मगच शब्दाला आत घेई. घराला जितकी नाती तितकी दारं असत. एखाद्या दाराने शब्द परत पाठवला आणि अमावास्येपर्यंत ते पुन्हा उघडलं नाही, तर गवंडी येऊन ते विटांनी चिणून टाकत. मग त्या दोन घरांमधली शब्दांची ये-जा कायमची संपे.

सॉरी हा तिथला नव्हे. तो समुद्रापलीकडच्या एका थंड मुलखातून आला. तिकडे त्याच्या घराण्याची ओळख 'दुखणं' अशी होती. त्याचे पूर्वज जिथे जात तिथे लोक विचारत, कुठे लागलंय? त्याच मुलखात सॉरो नावाचं दुःखाचा धंदा करणारं एक घराणं होतं. चेहरेपट्टी जुळते म्हणून लोक दोघांना सख्खे भाऊ समजत, प्रत्यक्षात त्यांचं काही नातं नव्हतं. सॉरी आला तेव्हा त्याचं गाठोडं जड होतं आणि तो वाकून चालत असे. दिवसभरात एखाद्याच दारी पोचे, पण पोचला की दार उघडे.

गावात त्याच्या आधीपासून 'चुकलो' नावाचा एक म्हातारा हे काम करी. त्याला बोलावणं म्हणजे मोठं प्रकरण असे. तो घशात येऊन बसला की लवकर हलत नसे आणि निघालाच तर पाठवणाऱ्याला मान खाली घालायला लावूनच निघे. त्यामानाने नवा पाहुणा बरा, असं लोकांना वाटू लागलं. परक्या मुलखातल्या शब्दापुढे मान खाली घालावी लागत नाही, हा शोध ज्याने कोणी लावला तो फार हुशार असला पाहिजे.

मागणी वाढली तशी सवय नावाची एक प्रेमळ बाई पुढे आली. तिने सॉरीला जवळ बसवलं. "एवढं ओझं कशाला रे वाहतोस, बाळा? मान मोडेल," असं म्हणत ती रोज गाठोड्यातलं थोडं काढून ठेवू लागली. सॉरीला बरं वाटलं. तो चालण्याऐवजी धावू लागला. कोणाचा धक्का लागला, धाव. कोणाचा चहा सांडला, धाव. ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारायचंय, तरी हाच. शेजारी बसू पाहणाऱ्याला हाकलायचं असलं तरी आधी ह्यालाच पुढे करायचं, "सॉरी, जागा नाही." पुढेपुढे तर तो इतका चपळ झाला की पाय पडायच्या आधीच तो पायाखालच्या माणसाकडे पोचलेला असे. वजन पाहायला हात धरण्याची तसदीही दारातले लोक घेईनात. सॉरीला ह्या सगळ्याचा अभिमान होता, आणि का नसावा? राज्यात त्याच्याइतकं बोलावणं कोणालाच नव्हतं.

त्या राज्यात एक बहीण-भाऊ पाटाच्या दोन बाजूंना राहत. पाटाचं पाणी पाळीने मिळे. थोरलीचा पानमळा होता, तिने लेकरासारखा वाढवलेला. ऐन उन्हाळ्यात ती आजाराने अंथरुणाला खिळली असताना धाकट्याने तिच्या पाळीचं पाणी आपल्या रानात वळवलं. ती उठून मळ्यात गेली तेव्हा वेल शेंड्यापासून बुडापर्यंत करपले होते. धाकट्याने लगेच सॉरीला हाक मारली आणि सोबतीला 'लक्षात राहिलं नाही' ह्याला दिलं.

दोघे धावतच पोचले. थोरलीने मात्र रीत सोडली नव्हती. तिने गाठोड्याखाली हात धरला, वर उचलून पाहिला, मग फडकं सोडून आत पाहिलं.

"अरे, ह्यात काहीच नाही," ती म्हणाली. "माझा मळा जळला आणि हा मला फडकं पाठवतो?"

तिने दार लावून घेतलं. अमावास्या जवळ आली होती आणि गवंड्यांनी पाटाकाठी विटा आणून टाकल्या.

सॉरी आयुष्यात पहिल्यांदा परत फिरला होता. त्याला लाज वाटली, आणि लाज म्हणजे काय हे आठवायला त्याला बराच वेळ लागला. हे दार चिणलं गेलं तर ते आपल्यामुळे, एवढं त्याला कळत होतं. तो म्हाताऱ्या चुकलोकडे गेला. चुकलो गावाबाहेर विहिरीच्या कट्ट्यावर बसलेला असे.

"काका, माझ्याऐवजी तुम्ही जा," सॉरी म्हणाला. "तुमचं ऐकेल ती."

"मला हाक कोणी मारलीय? न बोलावता जायला मी काय सल्ला आहे?" म्हातारा म्हणाला. "आणि एक सांगू? गाठोडं आपण भरत नसतो रे. ज्याचं त्याने भरायचं असतं. तो भरेपर्यंत मी घशातून हलत नसे. म्हणून तर मी इथे बसलोय."

सॉरी धाकट्याच्या घशात परत आला आणि बसला. हाकेला उठला नाही.

राज्यात गोंधळ उडाला. सॉरी कुठेच मिळेना. धक्का मारणाऱ्यांना थांबून, वळून, पडलेल्याला हात द्यावा लागला. चहा सांडणाऱ्यांना फडकं शोधावं लागलं. लोक फार वैतागले.

धाकट्याचे हाल वेगळे होते. 'झालं गेलं' आणि 'एवढं काय त्यात' हे दोघे मदतीला आले, पण सॉरीने वाट अडवली होती. तेही बाहेर पडेनात. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे खवखवण्यावर भागलं नाही. घास उतरेना. बोलायला तोंड उघडलं की करपलेले वेल डोळ्यांपुढे येत. मग त्याला आठवलं की त्या दिवशी पाळी कोणाची हे त्याच्या लक्षात होतं. पक्कं लक्षात होतं. पाणी वळवताना त्याने अक्काच्या खिडकीकडे पाहिलंही होतं, ती उठली तर नाही ना म्हणून. हे त्याने गाठोड्यात ठेवलं. 'लक्षात राहिलं नाही' हा तेव्हाच खाली मान घालून निघून गेला. मग एकामागून एक बरंच काही ठेवायचं निघालं आणि ते ठेवताना धाकटा रडला.

अमावास्येच्या दुपारी गाठोडं भरलं. सॉरी उठला, त्याने ते उचलायला घेतलं आणि त्याला ते उचलेना. सगळं बळ लावलं तरी ते जागचं हललं नाही. तिकडे गवंडी चुना कालवत होते.

तेव्हा धाकटा घराबाहेर पडला. माणूस स्वतः चालत दुसऱ्याच्या दारी निघालेला कोणी पाहिला नव्हता. लोक खिडक्यांशी जमले. त्याने पाट ओलांडला, विटांच्या ढिगाला वळसा घातला आणि दार वाजवलं.

थोरलीने दार उघडलं. त्याने तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, तरी शब्द निघेना. थोरली बघत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि रीतीप्रमाणे त्याच्या गळ्याखाली धरला. बराच वेळ तिने हात काढला नाही.

मग ती दारातून बाजूला झाली.

"दार लावून घे," आत जाता जाता ती म्हणाली, "धूळ येतेय."

त्याने आत जाऊन दार लावलं. गवंडी थापी घेऊन पुढे आले, त्या बंद दाराकडे त्यांनी काही वेळ पाहिलं, आणि विटा पुन्हा गाडीत भरू लागले.