कोंडल्या का?

ही गोष्ट अगदी खरी आहे. सांगणाऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे आणि हवं तर कोंबड्याच्या तुऱ्याला हात लावून शपथ घ्यायची त्याची तयारी आहे. आता, हे सगळं घडलं तेव्हा सांगणारा मामाच्या गावाला गेला होता, पण त्याने काय फरक पडतो? खरं ते खरंच.

तर नदीकाठच्या एका गावात, म्हणजे नदी नव्हती, ओढा होता, एक घड्याळजी राहत होता. गावाची घड्याळं दुरुस्त करून करून तो स्वतःच घड्याळासारखा झाला होता. त्याच्या परसात कोंबड्या होत्या आणि त्यांचं खुराडं त्याने स्वतः बनवलं होतं. दाराला बाहेरून एक कडी, तिच्यावर दुसरी कडी, आणि आतून तिसरी. आतली कडी कोंबडीने लावायची की काय, हे त्याला विचारायची कोणाची हिंमत नव्हती. दिवस कलला, कोंबड्या आपणहून आत शिरल्या, की तो कड्या लावून हात झटकायचा. या कामात त्याची कधी चूक झाली नाही.

कुंपणापलीकडे एक बांगडीवाला राहायचा. दोघं लंगोटीयार. बांगडीवाल्याकडेही कोंबड्या होत्या, पण त्याचं खुराडं म्हणजे जुनं खोकं, त्याला लावलेलं एक फळकूट आणि फळकुटाला बांधायची सुतळी. माणूस मोठा गोड, पण विसराळू इतका, की बांगड्या भरायला बसला तर बाईचा एकच हात भरून उठायचा. बुधवारच्या बाजाराला गुरुवारी जायचा आणि माणसं का आली नाहीत म्हणून तिथल्या पारावर रुसून बसायचा.

या बांगडीवाल्याला एक खोड होती. दिवेलागण झाली की तो कुंपणापाशी येऊन विचारायचा, "कोंडल्या का?"

"कोंडल्या," घड्याळजी म्हणायचा.

तेवढं ऐकून तो वळायचा आणि चालता व्हायचा. ना ख्याली, ना खुशाली.

वर्षानुवर्षं हेच. घड्याळजी तापाने फणफणला होता, तरी हा खिडकीतून डोकावला. घड्याळजीच्या मुलीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. भटजींनी शेवटची मंगलाष्टका सुरू केली आणि अक्षता टाकता टाकता गर्दीतून आवाज आला, "कोंडल्या का?" नवऱ्या मुलाला वाटलं, वऱ्हाडी मंडळींबद्दलच विचारतायत. तो पुढे बरेच दिवस सासुरवाडीला यायला बिचकत होता.

एकदा घड्याळजी परगावी गेला होता. परतल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नव्हता तरी भावजी येऊन गेले. लोटलेल्या दाराला विचारलं, कोंडल्या का, आणि मी आतून उत्तर देईपर्यंत गेलेसुद्धा."

घड्याळजीने कपाळाला हात लावला. याचा आपल्यावर इतका अविश्वास, की आपल्या दाराचीही हा उलटतपासणी घेतो! जो माणूस बाईचा दुसरा हात विसरतो, तो आपल्याला आठवण करून देणार! हे त्याच्या मनात जे रुतलं ते रुतलंच.

त्यातच त्याची ठमी नावाची कोंबडी खुडूक झाली. खुडूक कोंबडी अंडी घालायचं सोडते आणि उबवायला काही मिळतंय का, ते शोधत फिरते. ठमीला घड्याळजीच्या बैठकीखाली दुरुस्तीला आलेलं पाटलाचं गजराचं घड्याळ सापडलं. टिकटिक ऐकून तिला वाटलं असावं, आत पिल्लू जिवंत आहे. ती त्याच्यावर बसली ती उठेचना. घड्याळजीने तिला थंड पाण्यात बुचकळलं, नाकात पीस खुपसलं, टोपलीखाली झाकून ठेवलं. ती सुटायची, अंग फुलवायची आणि पुन्हा घड्याळावर जाऊन बसायची. हात घातला की चोच मारायची. अशात पाटलाचा गडी घड्याळ न्यायला आला आणि नेमका ठमीच्या पोटाखाली गजर झाला. गडी तसाच ओरडत पळाला आणि घड्याळजीच्या कोंबडीला पोटातून वाजायचा रोग झालाय, असं गावभर सांगत सुटला.

दिवसभर लोक ठमीला ऐकायला येऊन गेले. घड्याळजीच्या बोटांना चोचीचे घाव झाले होते. एका चिमुकल्या घड्याळाचं चाक कुठेतरी उडालं होतं आणि बहुधा कोंबड्यांनीच गिळलं होतं. तो परसात येऊन जरा टेकतो न टेकतो तोच कुंपणावर ओळखीचं मुंडकं आलं.

"कोंडल्या का?"

घड्याळजी ताडकन उठला. आजवर आपण एकदा तरी विसरलोय का, असं त्याने विचारलं. बांगडीवाला नाही म्हणाला. मग रोज उठून कशाला विचारतोस, मी काय कुकुलं बाळ आहे, पाटलाच्या घड्याळानेसुद्धा दिवसातून एकदाच वाजायचं असतं, असं बरंच काही तो बोलला. शेवटी म्हणाला, "पुन्हा विचारलंस तर या कुंपणाला पत्रा ठोकीन. तुझं तोंडसुद्धा दिसायला नको मला."

बांगडीवाल्याने मान खाली घातली. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण ते त्याने गिळलं.

"बरं," तो म्हणाला. "नाही विचारत."

आणि खरंच नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घड्याळजीने कड्या लावल्या, हात झटकले आणि शांततेचा आनंद घेतला. तिसऱ्या दिवशीही घेतला. चौथ्या दिवशी आनंद थोडा कमी पडला, म्हणून तो कुंपणापाशी जाऊन कोरांटीची फुलं बघत उभा राहिला. कोरांटीला फुलं नव्हती. पलीकडे बांगडीवाला खाली बसून त्याच्या चिंगीला दाणे घालत होता. चिंगी त्याची लाडकी. ती अंड्यांवर बसली होती आणि पिल्लं निघायच्या आशेने घरातली सगळी तिच्याभोवती नाचत होती. बांगडीवाल्याने वर पाहिलं, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घड्याळजी घरात आला आणि उगाच बायकोवर खेकसला.

असे काही दिवस गेले. मग एका पहाटे, नुकतं दिसायला लागलं होतं तेव्हा, पलीकडे कोंबड्यांचा एकच कालवा उठला. घड्याळजी कुंपण तुडवत धावला. खुराड्यातून एक बोका बाहेर पडला, असला दांडगा की वासराने वाट सोडावी. त्याच्या तोंडात चिंगी होती. घड्याळजीने पायातली चप्पल फेकली, बोका ओढ्यापार झाला. कोंबडा छपरावर चढला होता आणि त्याची शेपटी खाली अंगणात पडली होती.

खुराड्याचं फळकूट सताड उघडं होतं. सुतळी खुंटीला जशीच्या तशी.

बांगडीवाला अंड्यांपाशी बसला होता. दोन्ही हातांनी ती झाकून धरली होती, जशी काही त्यालाच ती उबवता येणार होती.

"कोंडायचं राहिलं," तो म्हणाला.

घड्याळजीचं डोकंच फिरलं. "राहिलं म्हणजे? इतकी वर्षं नाही राहिलं, ते आत्ताच कसं राहिलं?"

"इतकी वर्षं मी तुला विचारायचो."

"मला विचारायचास! माझ्या कोंबड्यांचं विचारायचास!"

"तुझ्या कोंबड्यांची काळजी कशाला करू? तू कुठला विसरायला." बांगडीवाल्याने नाक पुसलं. "तू कोंडल्या म्हणालास की माझ्या डोक्यात उजेड पडायचा, अरे, आपल्या राहिल्यात. मग मी तडक खुराड्याकडे जायचो. तू गावाला गेलास तेव्हा तुझ्या दाराला विचारून भागवलं. त्या दिवशी भांडलास, तर इतके दिवस तुझा राग होता, दिवेलागणीला तो राग आठवायचा आणि त्याच्यामागून कोंबड्या आठवायच्या. काल राग गेला. कोंबड्याही गेल्या."

"मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगणार होतो. विसरलो."

घड्याळजीला त्याचा गळा धरावा वाटला आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. त्याने अंड्यांना हात लावून पाहिला. अजून कोमट होती.

तो तसाच घरी धावला. बैठकीखाली हात घातला, ठमीच्या चोची खाल्ल्या आणि तिला उचललं. ती घड्याळ सोडेना, म्हणून घड्याळासकट उचललं. बांगडीवाल्याच्या खुराड्यात अंड्यांच्या मधोमध घड्याळ ठेवलं आणि वर ठमीला सोडलं. तिने एकदा दोघांकडे पाहिलं, पंख पसरले, चोचीने एकेक अंडं आत ओढलं आणि डोळे मिटून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घड्याळजीला तिच्या हट्टाचा राग आला नाही.

"चुकलं माझं," तो मित्राला म्हणाला.

पाटलाकडे निरोप गेला, की घड्याळ उबायला ठेवलं आहे, पिल्लं निघाली की परत मिळेल. पाटील काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी दिवेलागणीला घड्याळजीने आपल्या कड्या लावल्या, हात झटकले आणि कुंपणापाशी गेला.

"कोंडल्या का?"

पलीकडून चटकन उठल्याचा आवाज आला. सुतळी खुंटीवरून निघाली, फळकूट बसलं.

"कोंडल्या रे बाबा, कोंडल्या," बांगडीवाला वैतागून म्हणाला. "रोज रोज काय विचारायचं असतं?"

"रोज कुठे, आज पहिल्यांदाच विचारलं," असं म्हणायला घड्याळजीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

यथावकाश दोन सोडून सगळी अंडी फुटली. ती पिल्लं पुढे मोठी झाली, आणि गजर झाल्याशिवाय त्यांतलं एकही सकाळी जागेवरून हलत नसे.

तात्पर्य, ज्यांना लागतं त्यांच्यासाठी: जवळचा माणूस रोज तेच विचारतो म्हणून त्याच्यावर वैतागू नये. त्याला उत्तर नको असतं, आधार हवा असतो, आणि तो आपल्या एका शब्दात मिळतो.

आता शपथ घ्यायची म्हटलंच आहे, तर तेही सांगून टाकलेलं बरं. ठमी खरी, बोका खरा, पाटलाचं घड्याळ तर आजही कोणालाही बघता येईल. या गोष्टीत पदरचं एवढंच घातलं आहे, की घड्याळजी "चुकलं माझं" म्हणाला. तसं काही तो म्हणाला नाही. तो फक्त रोज दिवेलागणीला कुंपणापाशी जायला लागला.