पळीनं बघितलेलं पाणी

फार वर्षांपूर्वी मी एक आवाज ऐकला होता. उन्हानं तापलेल्या अंगणात कुणीतरी घागर उपडी केली आणि माती ते पाणी प्यायली. आधी चुर्र झालं, मग बारीक बुडबुडे फुटले, मग सगळं शांत. त्या आवाजाच्या भरवशावर कोण्या एके काळी एक आख्खं नगर सुखानं नांदत होतं. त्या नगराची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

नगर डोंगराच्या उतारावर वसलेलं होतं. वर सोनारांची, व्यापाऱ्यांची घरं. अगदी तळाला विणकरांची आळी.

नगराचा एक जुना नियम होता. नवं घर बांधलं की राहायला जाण्याआधी खालच्या शेजाऱ्याला बोलवायचं. शेजाऱ्यानं अंगणात भरलेली घागर ओतायची आणि हद्दीवर जाऊन बसायचं. पाणी अंगणातच जिरलं, तर घरात दिवा लावायचा. पाणी हद्द ओलांडून खाली आलं, तर मालकानं अंगणात खड्डा खणून त्यात दगडगोटे भरायचे आणि शेजाऱ्याला पुन्हा बोलवायचं. याला ते लोक ‘पाणी बघणं’ म्हणत.

हा नियम झाला तेव्हा छपरं गवताची होती, अंगणं मातीची होती. एक घागर पुरायची.

पुढं कौलं आली. चिखलानं पाय भरतात म्हणून अंगणात फरशी आली. आणि एका घरी पाणी बघताना मालकिणीनं हौसेनं काढलेली रांगोळी घागरीच्या पाण्यानं वाहून गेली. ती बिचारी रडली. सगळ्यांना वाईट वाटलं. तेव्हापासून लोक घागरीऐवजी तांब्या ओतू लागले. मग तांब्याही जास्त वाटू लागला. शेवटी देवघरातल्या पळीनं पाणी सोडायची रीत पडली. शेजारी पळीभर पाणी सोडायचा, सगळे ‘जिरलं, जिरलं’ म्हणायचे, आणि शेजाऱ्याच्या हातावर लाडू पडायचे. नियम कुणी मोडला नव्हता. सगळे तो पाळत होते.

विणकर आळीच्या डोक्यावर एक मोकळा माळ होता. वरून आलेलं पाणी त्या माळावर पसरायचं, थांबायचं, मुरायचं. नगराच्या कारभाऱ्यानं त्या माळावर मोठं घर बांधलं. कडेपासून कडेपर्यंत काळी फरशी घातली. अशी गुळगुळीत, की तीत माणसाचं तोंड दिसावं.

त्या घराच्या बरोबर खाली राही नावाची विणकरीण राहायची. तिच्या नवऱ्याचे पाय लहानपणापासून लुळे होते. पण हातात मोठी कला. त्याचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर होता. सकाळी राही त्याला उचलून त्या खड्ड्यात बसवायची, संध्याकाळी उचलून वर घ्यायची. दिवसभर तो तिथं बसून लुगडी विणायचा.

कारभाऱ्याकडून पाणी बघायचं बोलावणं आलं. राही म्हणाली, “माळ गेला हो. आता सगळं पाणी आपल्याच दारात येणार. मला भीती वाटते.”

“मग भरलेली घागर घेऊन जा,” नवरा म्हणाला. “रागावतील तर रागावू देत.”

राही घागर कमरेवर घेऊन गेली. अंगणात सगळं नगर जमलं होतं. सोनारकाकूंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“अगं राही, घराचं पाणी बघायला आलीस की घर धुवायला?”

सगळे खो खो हसले. कारभारी काही वाईट माणूस नव्हता. तोही हसला. “राहीवहिनी, आमच्यावर विश्वास नाही होय? सोनारांचं पाणी तुम्हीच बघितलंत ना? मग तेव्हा बरी पळी चालली!”

ते खरं होतं. तिनंच पळी सोडली होती. लाडूही खाल्ले होते.

“तेव्हा मधे माळ होता, कारभारीदादा,” ती हळूच म्हणाली. “आता माळावर तुमची फरशी आहे.”

हसणं थांबलं. कारभारीणबाई पुढं आल्या. “शुभ दिवशी असं बोलू नये गं बाई,” असं म्हणून त्यांनी चांदीची पळी तिच्या हातात दिली. सगळ्यांचे डोळे राहीवर लागले. तिचे कान तापले. तिनं घागर खाली ठेवली आणि पळीभर पाणी सोडलं. ते दोन फरश्यांच्या फटीत गेलं.

“जिरलं!” सगळे ओरडले. घरात दिवा लागला. राहीच्या ओटीत नारळ पडला, हातावर लाडू पडले.

घरी नवऱ्यानं विचारलं, “जिरलं का?”

“जिरलं.”

त्यानं तिच्या कमरेवरच्या घागरीकडे पाहिलं. ती काठोकाठ भरलेली होती. तो काही रागावला नाही. “बरं,” म्हणाला, “एक लाडू तरी दे.”

पावसाळा आला. एका दुपारी राही सूत रंगवायला द्यायला वरच्या पेठेत गेली होती. पाऊस पडला. नेहमीचाच पाऊस. कुणी खिडकीसुद्धा लावली नाही. थोड्या वेळानं तो थांबला आणि वरच्या बायका कपडे पुन्हा वाळत घालू लागल्या.

पण प्रत्येक कौलारू छपरावरून एक धार निघाली होती, प्रत्येक फरशीवरून एक ओहळ निघाला होता. सगळे मिळून कारभाऱ्याच्या अंगणात आले आणि तिथून एकदम खाली सुटले. पाऊस थांबला होता. पाणी थांबलं नव्हतं.

राही धावत खाली आली. आळीत पाणी जेमतेम गुडघाभर होतं. पण घरात शिरल्यावर ते सगळ्यात आधी मागाच्या खड्ड्यात भरलं होतं. खड्ड्यात बसलेल्या माणसाला ते डोक्यावरून गेलं. त्याच्या दोन्ही हातांत मागाची दांडी घट्ट धरलेली होती.

कारभारी आला आणि दारातच थिजला. “एवढ्याशा पावसानं?” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, “एवढ्याशा पावसानं?”

आळीतले म्हातारे म्हणाले, “याहून मोठे पाऊस पाहिलेत आम्ही. पाणी कधी इथं शिरलं नव्हतं.”

“आमच्या घरातून काही फारसं पाणी आलं नसेल,” सोनारकाकू म्हणाल्या. मग व्यापारी तेच म्हणाला. मग त्याचा शेजारी. आणि प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं. ते ऐकता ऐकता कारभाऱ्याच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी तो घागर घेऊन नगरात फिरला. दारोदार ती ओतली. एकाही अंगणात पाणी जिरलं नाही. त्याच्या स्वतःच्या अंगणात तर ते थबकलंसुद्धा नाही.

त्यानं सभा बोलावली. लोक म्हणाले, “चुकलं आमचं. पुन्हा घागर सुरू करू.”

“एक घागर गवताच्या छपराला पुरायची,” कारभारी म्हणाला. “आता जेवढं छप्पर नि फरशी मोठी, तेवढ्या घागरी ओतायच्या. आणि जुन्या घरांचंही पाणी बघायचं.”

“जुन्या घरांचं का म्हणून?” सोनार उसळला. “आमचं तर पळीनं बघून झालंय!”

“काका, त्या दिवशी खाली गेलं ते पाणी जुन्या घरांचंही होतं.”

नियम बदलला. कारभाऱ्यानं आधी आपलीच फरशी उखडली, अंगणात मोठा खड्डा खणला, दगडगोटे भरले. आणि पाणी बघायला राहीला बोलावलं.

ती आली. अंगणात घागरी भरून ठेवल्या होत्या. कारभारी हात जोडून म्हणाला, “वहिनी, वाटेल तेवढ्या ओता. आज कुणी हसणार नाही.”

राहीनं उकरलेल्या मातीकडे पाहिलं. घागरींकडे पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. खरंच, कुणी हसत नव्हतं.

मग ती वळली आणि काही न बोलता उतारावरून निघून गेली.

बोध एवढाच: नियम बदलावा तो उताराच्या तळाशी राहणाऱ्याचं ऐकून, आणि तो बोलतो आहे तोवरच.