ढिगाऱ्याचा जावई

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते विचारू नका. तेव्हाची वर्षं मोजून ठेवणारं आता कुणी उरलेलं नाही.

एका राज्यात मोठ्या नदीच्या काठी एक गाव होतं. नदीपलीकडे दाट रान होतं आणि रानात दरोडेखोर होते. म्हणून राजाने गावाच्या रक्षणासाठी वीस शिपाई नेमले होते. प्रत्येकाला एक धनुष्य आणि बाणांनी भरलेला एक भाता. शिपाई व्हायचं तर परीक्षा एकच. वडाच्या फांदीला दुधी भोपळा टांगायचा, त्याला झोका द्यायचा आणि शंभर पावलांवरून तो बाणाने टिपायचा. टिपला की नोकरी पक्की, तीही जन्मभराची. दुसऱ्यांदा कुणी कुणाला विचारत नसे.

या वीस जणांचा म्होरक्या होता नाईक. त्याच्या परीक्षेची गोष्ट गावातल्या पोरासोरांनाही पाठ होती. त्याने भोपळ्याला बाण मारलाच नव्हता, भोपळ्याच्या देठाला मारला होता. अख्खा भोपळा खाली पडला आणि त्या दिवशी गावच्या पंगतीला त्याची भाजी झाली. ही बातमी नदी ओलांडून रानात गेली. दरोडेखोर शहाणे निघाले. पुढची बारा वर्षं ते गावाकडे फिरकले नाहीत.

बारा वर्षं काही घडलं नाही, म्हणून बारा वर्षं कुणी बाण मारला नाही. पण शस्त्रांना कुणी विचारत नव्हतं असं मात्र समजू नका. त्यांचा मान केवढा! चौकीच्या भिंतीवर धनुष्यं ओळीने टांगलेली असत. दर दसऱ्याला ती खाली उतरवायची, पाण्याने धुवायची, दोरीला हळद लावायची, लाकडाला कुंकू लावायचं, वर झेंडूची माळ घालायची. मग हात जोडून पुन्हा भिंतीवर. इतक्या पवित्र वस्तूला एरवी उगाच हात लावू नये, असं सगळे मनापासून मानत.

एक शिपाई तेवढा वेगळा होता. तो परीक्षेत दोनदा नापास झाला होता. तिसऱ्या खेपेला बाण भोपळ्याला जेमतेम चाटून गेला आणि परीक्षकांनी कंटाळून त्याला पास केलं. हा गडी रोज सकाळी गावाबाहेरच्या मातीच्या ढिगाऱ्याकडे जाई आणि मोजून वीस बाण मारी. ऊन असो, वारा असो, अंगात कणकण असो, वीस म्हणजे वीस. दोरी झिजली की नवी चढवी. बाकीच्या शिपायांनी त्याचं नाव ‘ढिगाऱ्याचा जावई’ ठेवलं होतं. तो परत आला की ते विचारत, काय जावईबापू, सासूबाईंची तब्येत बरी ना? तोही हसून म्हणे, बरी आहे, तुमची आठवण काढत होत्या.

एकदा नाईकानेच त्याला विचारलं की, बाबा रे, नोकरी पक्की आहे, गावात शांतता आहे, मग कशाला रोज हात दुखवून घेतोस?

“नाईक, तुमचा हात हुशार,” तो म्हणाला. “त्याला एकदा सांगितलं की झालं. माझा हात विसराळू आहे. त्याला रोज सांगावं लागतं.”

नाईकाला हे उत्तर आवडलं. आपल्या हाताची स्तुती कुणाला आवडत नाही?

आता नाईकाला एकच मुलगी होती. ती पलीकडच्या मुलखात दिली होती. त्या वर्षी तिला सातवा महिना लागला आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी यायला निघाली. नाईक सकाळपासून नवा फेटा बांधून घाटावर उभा. दुपारी पलीकडून नाव सुटली. नावेत अकरा माणसं होती आणि दोन शेळ्या.

गावावर आभाळ निरभ्र होतं, पण वर डोंगरात कुठेतरी धो धो पाऊस कोसळला असावा. नाव मधोमध आली आणि नदीला एकदम लोंढा आला. नावाड्याचं वल्हं मोडलं. नाव भिरभिरत गेली आणि पात्रातल्या एका खडकाला जाऊन अडकली. काठापासून ती शंभर पावलांवर होती. पाणी चढत होतं. नावेची एक फळी निखळली होती आणि माणसं ओंजळींनी पाणी उपसत होती. नाईकाला लेकीचं हिरवं लुगडं स्पष्ट दिसत होतं.

दोघा पट्टीच्या पोहणाऱ्यांनी उड्या घेतल्या. लोंढ्याने त्यांना खाली दूर नेऊन काठावर फेकलं. नशीब थोर म्हणून ते वाचले.

तेव्हा नावाड्याची बायको पुढे झाली. ती कोळीण रडत नव्हती. तिने घरून जाळं विणायच्या बारीक दोऱ्याचं भेंडोळं आणलं होतं.

“हा दोरा बाणाला बांधा,” ती म्हणाली. “बाण नावेवरून पलीकडे जाऊ दे, दोरा नावेत पडू दे. दोरा पोचला की त्याच्यामागून दोर पोचेल. मग ओढून घेऊ.”

सगळ्यांनी नाईकाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाकडे बघायचं?

शिपाई धावत जाऊन चौकीतून धनुष्य घेऊन आले. नाईकाने दोरी ताणली आणि ती तटकन तुटली. बारा दसऱ्यांच्या पाण्याने आणि हळदीने ती आतून कुजली होती. दुसरं धनुष्य आणलं. त्याची दोरी टिकली, पण नाईकाचे दंड थरथरू लागले. बाण सुटला आणि तीस पावलांवर पाण्यात पडला. त्याने दात-ओठ खाऊन पुन्हा ओढलं. हा बाण लांब गेला, पण खालून गेला आणि नावेच्या कडेत घुसला. हिरव्या लुगड्यापासून वीतभर अंतरावर. दोरा नावेच्या लाकडाला घासून तुटला आणि वाहून गेला.

नावेतून किंकाळी आली.

नाईकाने धनुष्य खाली ठेवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हे सोपं नसतं बरं का, सगळ्या गावादेखत बारा वर्षांचं नाव असं जमिनीवर ठेवणं. पण बाप होता तो. त्याने गर्दीत जावईबापूला शोधलं.

“मी आणखी एक मारला तर माझ्या हातून लेकच जाईल,” तो म्हणाला. “तू मार.”

तो शिपाई पुढे आला. त्याचं धनुष्य रोजच्यासारखं त्याच्या खांद्यालाच होतं.

“नाईक, माझाही पहिला चुकेल,” तो म्हणाला. “दोरा बांधून मी कधी मारलेला नाही. पण तो का चुकला ते मला कळेल.”

नाईकाने भेंडोळ्यातला उरलेला दोरा त्याच्या हाती दिला.

आणि खरंच पहिला चुकला. दोऱ्याच्या वजनाने बाण नावेच्या वीस पावलं अलीकडेच पडला. शिपायाने घाई केली नाही. त्याने दोरा ओढून घेतला, धनुष्य थोडं वर धरलं आणि दुसरा सोडला. हा नावेवरून गेला, पण वाऱ्याने दोरा खालच्या अंगाला नेला आणि तो माणसांच्या हातात न येता पाण्यात पडला. काठावर कुणीतरी देवाचा धावा सुरू केला. शिपाई काठाकाठाने वरच्या अंगाला पंधरा पावलं चालत गेला. वाऱ्याच्या दिवशी बाण किती वाहतो, हे त्या मातीच्या ढिगाऱ्याने त्याला शेकडो वेळा दाखवलं होतं. त्याने नावेच्या बरंच वरच्या अंगाला, जिथे कुणीच नव्हतं, तिथे नेम धरला.

तिसरा बाण सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि दोरा अलगद नावाड्याच्या खांद्यावर येऊन पडला.

दोऱ्यामागून सुतळी गेली, सुतळीमागून जाड दोर गेला. नावाड्याने तो नावेला घट्ट बांधला. काठावर सारं गाव दोराला लागलं, म्हातारेकोतारेसुद्धा. नाव काठाला टेकली तेव्हा तिच्यात गुडघाभर पाणी होतं. अकराच्या अकरा माणसं उतरली आणि शेळ्याही. मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडली. नाईकही रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू ढिगाऱ्याकडे गेला तर तिथे नाईक आधीच येऊन बसलेला.

“मला पहिल्यापासून शिकव,” नाईक म्हणाला.

त्या दिवशी नाईकाने वीस बाण मारले. तीन ढिगाऱ्यात घुसले, सोळा इकडे तिकडे गेले आणि एकाने नाईकाचंच पाण्याचं मडकं फोडलं. लांबून बघणारे शिपाई हसले. मग त्यांच्यातल्या एकाला वाटलं, आपण मारून बघावं. त्याचा तर एकही ढिगाऱ्याला लागला नाही. त्यानंतर कुणी हसलं नाही. महिनाभरात वीसच्या वीस शिपाई रोज सकाळी तिथे दिसू लागले. कुजलेल्या दोऱ्या गेल्या, नव्या चढल्या. धनुष्याच्या लाकडावर कुंकवाऐवजी हाताच्या घामाचे डाग दिसू लागले.

नाईकाला नातू झाला. पुढे नाईकाचा नेम पुन्हा बसला, पण भोपळ्याच्या देठाची गोष्ट त्याने कधी काढली नाही. कुणी काढलीच तर तो म्हणे की ते तेव्हाचं झालं, आज सकाळी वीसपैकी सतरा लागले, उद्याचं उद्या बघू.

त्याच वर्षीच्या थंडीत दरोडेखोरांचे दोन हेर नदीपलीकडे येऊन बसले होते. नाईकाच्या नावाची दहशत आता ओसरली असेल, असा त्यांचा हिशेब होता. सकाळी त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं, वीस माणसं पाहिली, एकामागून एक मातीत घुसणारे बाण पाहिले आणि ते आल्या वाटेने परत गेले. गावात कुणाला ते आल्याचं कळलंही नाही.

बोध : ज्याच्या हाती रक्षणाचं शस्त्र आहे त्याने रोज सराव करावा, कारण संकटात लोकांचा जीव त्याच्या आजच्या हातावर असतो, कालच्या नावावर नाही.