पोवळानं नाव दिलं नाही

एकदा काय झालं, डोंगरावरच्या धनगरवाड्यात पोवळा नावाची एक मुलगी राहायची. तिची सोयरीक शेजारच्या म्हसूशी ठरली होती. म्हसू फारसा बोलायचा नाही. पण पोवळाच्या पायात काटा रुतला, की मेंढ्या सोडून तो आधी काटा काढायचा. असा होता म्हसू, बरं का.

मग एके दिवशी पांढऱ्या घोड्यावरून एक गंधर्व आला. त्यानं पावा वाजवला नि पोवळाच्या अंगात जशी वीजच शिरली. भाकरी गोड लागेना, कुणाचं बोलणं कानात शिरेना.

ती सरळ म्हसूकडं गेली. म्हणाली, "मी चालले. तुला फसवून जायचं नाही, म्हणून सांगते."

म्हसूचा चेहरा उतरला. "बांधून ठेवलेलं माणूस मला नको," तो म्हणाला. "जा."

मग काय! घोडा निघाला वाऱ्यासारखा. गंधर्वाच्या नगरीला होते तीन दरवाजे. पहिल्या दरवाजापाशी गंधर्व म्हणाला, "तुझ्या बांगड्यांची किणकिण दे." तिनं दिली. दुसऱ्यापाशी म्हणाला, "तुझी सावली दे." तीसुद्धा दिली, हसत हसत!

मग आला तिसरा दरवाजा. "आता नाव दे," गंधर्व म्हणाला. "आत नाव लागत नाही. मी बघतोय तोवर तू आहेस."

"आणि तू बघायचा थांबलास तर?"

"तर तू नाहीस," गंधर्व गोड हसून म्हणाला.

पोवळा घोड्यावरून खाली उतरली. "नाव माझ्या आईनं ठेवलंय. ते नाही मिळायचं."

मग त्यानं पुन्हा पावा वाजवला. पोवळाचे पाय आपोआप दरवाजाकडं वळले. मन तर केव्हाच आत पळालं होतं! तिथं एक बोरीचं झाड होतं. तिनं पदर कमरेला आवळला, त्याचं टोक खोडाला बांधलं नि गाठीवर गाठ मारली. पावा रडला, विनवू लागला, पेटून उठला. काट्यांनी तिचे हात सोलवटले, पण गाठ तिनं सोडली नाही. शेवटी गंधर्वच दमला. दरवाजा धाडकन बंद झाला. मग सावली धावत आली नि तिच्या पायाशी बिलगली. बांगड्याही किणकिणल्या.

पोवळा डोंगर चढून वाड्यावर आली. म्हसू कोकरांना दूध पाजत होता. रागावला होता हो, का नाही रागावणार? मान वर न करता म्हणाला, "मन आणलंस का माघारी?"

"थोडं अजून तिकडंच आहे. खोटं नाही बोलणार," पोवळा म्हणाली. "पण पाय मी वळवलेत, म्हसू. माझे मी."

म्हसूनं मान वर केली. मग त्याला तिचे हात दिसले. तो उठला, पाणी घेऊन आला नि एकेक काटा काढू लागला. "दुखतंय?" त्यानं विचारलं. तेव्हा कुठं पोवळा रडली.

पुढं त्यांचं लग्न झालं. भांडली, हसली, सुखानं नांदली. झाली गोष्ट. मिटा बघू डोळे.